सव्विसाव्या नंबरचे पाहुणे

पुण्याहून आरमोरीला जायचं म्हणजे रात्रभर रेल्वेनं नागपूर गाठायचं आणि मग उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत एसटीनं आपली हाडं मोजून घ्यायची. भिवापूर मिरचीचं गाव. तिथं मला सणसणीत शिंक आली. त्याच्या दोन वर्षं आधी, कोरोनात, आली असती तर कंडक्टरसकट बस रिकामी झाली असती. फेब्रुवारी 2023 मध्ये शेजारचे आजोबा फक्त "मिरची आहे जी" म्हणाले आणि चौकशीला लागले.

"कुठं चालले जी?"

"आरमोरीला. भाच्याच्या लग्नाचं रिसेप्शन आहे."

"लगीन कवा झालं?"

"2021 च्या मे महिन्यात."

आजोबांनी मला आणि माझ्या बॅगेला नीट न्याहाळलं. "मंग तुमची गाडी लयच लेट झाली."

दोष गाडीचा नव्हता. एप्रिल 2021 मध्ये सरकारनं नियम काढला होता: लग्नाला 25 माणसं, एक हॉल, दोन तास; मोडलात तर 50 हजार दंड. त्यात नवरी ब्रह्मपुरीची. आरमोरी ते ब्रह्मपुरी म्हणजे चहा पिऊन परत येण्याइतकं अंतर, पण मधे वैनगंगा, आणि वैनगंगा ही जिल्ह्याची हद्द. त्यामुळे वरात पुलाच्या तोंडाशी ई-पास दाखवत उभी. नवरदेवाचे वडील म्हणजे माझे भाऊजी. त्यांचा राग कोरोनावर नाहीच, तो 26 ऑगस्ट 1982 वर आहे. त्या दिवशी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा काढला. "तवा वेगळे झालो नसतो तर दोन्ही गावं चांद्यातच असती. पोलिसाच्या बापानं अडवलं नसतं!"

लग्नाच्याच वर्षी, 2021 च्या ऑक्टोबरात, छत्तीसगडच्या बाजूनं रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला. राज्याची हद्द ओलांडून, पासबिस काही न काढता. पुढं तो आरमोरी-वडसा भागातही धान खात फिरला. भाऊजींना ही गोष्ट अजून पचलेली नाही. "त्यायले कोनी इचारलं नाही, कारन काय म्हनून!" बसस्टँडवरून घरी नेताना त्यांनी मला तीन वेळा बजावलं, अंधार पडल्यावर जंगलाच्या रस्त्यानं जायचं नाही, हत्ती नसला तर वाघ असतो.

मांडवात शिरल्यावर कळलं की हे रिसेप्शन नसून तक्रार निवारण केंद्र आहे. प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा आहेर देई आणि लगेच म्हणे, "यादीत मी सव्विसावा होतो ना?" चुलते सव्विसावे, मावसभाऊ सव्विसावे, धान गिरणीचे मालकही सव्विसावे. भाऊजींनी ती मूळ यादी जपून ठेवली आहे, शाळेच्या वहीचं पान, चार घड्या घातलेलं. पुरावा म्हणून ते खिशातून काढत आणि बोट ठेवून दाखवत. माझं नाव सातवं होतं, खोडलेलं. वर निळ्या शाईत 'डफडेवाला'.

"मामाशिवाय लग्न?" मी म्हणालो.

"मामा मोबाइलवर येते. डफडं येत नाही."

खरं आहे. त्या दिवशी मी व्हिडिओ कॉलवर नवरदेवाच्या मागे उभा होतो, मला धरलं होतं कुणाच्या तरी पोरानं. पहिल्या मंगलाष्टकालाच रेंज गेली.

स्टेजवर नवरा, नवरी आणि नवरीच्या कडेवर दात येत असलेलं त्यांचं पोर. फोटोग्राफर दर फोटोला ओरडत होता, "बाळाले जरा बाजूले घ्या, लग्नाचा फोटो आहे!" मुहूर्त नव्हता, मंगलाष्टकं नव्हती, तरी ताईच्या चुलत सासूबाईंनी घरून आणलेल्या अक्षता टाकल्याच. मागच्या वेळच्या राहिल्या होत्या म्हणे.

पंगतीत बुंदी, वांग्या-आलूची भाजी, वरण आणि भाताचा डोंगर. मी पोळी मागितली. वाढणारा मुलगा थबकला, काळजीनं म्हणाला, "तब्येत बरी नाही का जी?"

रात्रीचे दहा वाजले आणि मांडव असा ओस पडला की मला वाटलं हत्ती आले. नाटक होतं! या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. वडशात कंपन्यांची दुकानं, तिथून खेळ गावोगाव जातात. भाऊजींनी रिसेप्शनची तारीख पंचांगात नव्हे, नाटकाच्या पोस्टरवर पाहून धरली होती. झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना नुकतीच पद्मश्री जाहीर झालेली, त्यामुळे ज्याच्या त्याच्या चालण्यात तेवढी ऐट. नवरा-नवरीही शालू-सुटासकट पुढच्या रांगेत. नाटक पहाटेपर्यंत चाललं, आणि मध्यंतरात मागच्या बाजूला आणखी दोन लग्नं जुळत होती.

तिकडचं आमंत्रण आलं तर पाकीट पाठवून मोकळे होऊ नका, जा. वडशापर्यंत रेल्वे आहे. स्वेटर न्या, नाटकाला पहाटे थंडी वाजते. आणि पोळी मागू नका.