बांबूवरून अक्कलकोट

हातानं घडवलेल्या सायकलींचं पहिलं मोठं प्रदर्शन अमेरिकेत ह्यूस्टनला भरलं ते 2005 साली. असल्या प्रदर्शनांना लोक विमानानं जातात म्हणे. आमच्याकडे उत्साह विमानाचा, पैसा एसटीचा. म्हणून भाच्यानं पुण्यात स्वतःच्या खोलीत जोडलेली बांबूची सायकल सोलापुरात उतरवली आणि घरी जाहीर केलं : प्रदर्शन आता मीच. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, रस्ता बऱ्यापैकी सपाट. चढ म्हणावा तो माझ्या पोटाचाच.

बांबूची सायकल हे काही भाच्याच्या डोक्यातलं खूळ नव्हे. लंडनकरांनी ती 1894 सालीच पाहिली होती. भाच्याची रीत अशी : जोडांवर तागाचे धागे गुंडाळायचे, रेझिन चढवायचं, वाळलं की घासत बसायचं. शिवाय कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात पॅराशूटनं उडी घेणाऱ्या सैनिकांची घडीची बीएसए पाहिल्यापासून मी कुठल्याही सायकलीवर विश्वास ठेवतो.

वळसंगच्या अलीकडे पाय अचानक हलके झाले. वाटलं, स्वामींची कृपा. खाली बघतो तर पायडल गरागरा फिरतंय आणि मागच्या चाकाला त्याची खबरच नाही. उतरलो, ढकलू लागलो. घामानं भिजलेला पांढरा पंचा बांबूवर वाळत टाकला. रस्त्याकडेच्या एका आजींनी पदर सावरला आणि हात जोडले.

"कोन गेलं रं बाबा?"

"कुणी नाही आजी, सायकल आहे."

"आन् खांदेकरी?"

तेवढ्यात गर्दी जमली. "इदेन री?" असं कानडीत विचारत एकानं बांबूवर टिचकी मारली. दुसऱ्यानं शिडीचा भाव विचारला. शेवटी लिंबाखालच्या मिस्त्रीनं चाक काढलं, फ्रीव्हील उघडलं आणि छर्रे वाटीत ओतले.

"कुत्रे बसलेत."

"तरीच भुंकत नव्हते," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

त्यानं नखाएवढे दोन कुत्रे रॉकेलमध्ये धुतले, जुन्या फ्रीव्हीलमधली केसासारखी स्प्रिंग काढून बसवली. मग, मी सांगितलंही नव्हतं, एक डोळा मिटून तारा आवळत चाकाचा आऊट काढला. उठताना बांबूच्या जोडावरून अंगठा फिरवत राहिला. "हाताचं काम हाय. पोरानं मन लावलंय." भाच्याला शिव्या घालायला फोन काढला होता. त्याला मिस्त्रीचं वाक्य तेवढं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

वळसंगात दलितांनी स्वतःच्या श्रमानं खणलेली विहीर आहे. 1937 साली बाबासाहेबांच्या हस्ते ती खुली झाली. तिथं मला एकही विनोद सुचला नाही.

अक्कलकोटात वटवृक्षाचं दर्शन, अन्नछत्रात महाप्रसाद, राजवाड्याचं शस्त्रागार, सगळं रीतसर झालं. शस्त्रागारात तलवारी एवढ्या, की मागच्या अंगाला झालेल्या जखमा क्षुल्लक वाटाव्यात. बसायला मात्र दोन दिवस उशी लागली.

तुम्हीही बांबूच्या सायकलीवरून निघणार असाल तर जरूर निघा. फ्रीव्हील आधी तपासून घ्या आणि पंचा रंगीत न्या.