पंचवीस दिवे आणि एक सबब

एखादी गोष्ट आपल्याला जमत नसेल, तर ती कुणालाच जमणार नाही असं कळण्यासारखं दुसरं सुख नाही. ते सुख मी 'लाइट्स आउट' या खेळात शोधत होतो. १९९५ साली टायगर इलेक्ट्रॉनिक्सनं काढलेलं हे खेळणं आता फोनवरही खेळता येतं. पाच ओळींत पाच-पाच दिवे. एक दाबला की तो आणि त्याचे वर-खाली, डावी-उजवीकडचे शेजारी उलटतात. पेटलेले विझतात, विझलेले पेटतात. सगळे विझवायचे. थोडक्यात, सोसायटीची वार्षिक सभा: एकाची तक्रार मिटवावी तर शेजारचे चौघे पेटतात.

मग वाचनात आलं, की दिव्यांच्या एकूण ३,३५,५४,४३२ मांडण्यांपैकी फक्त पाव हिस्साच सुटू शकतो. बाकीच्या ब्रह्मदेवालाही सुटायच्या नाहीत! मी प्रसन्न होऊन चहा टाकायला सांगितला.

भाची गणितात एम.एस्सी. करते. तिला माणसाचं सुख बघवत नाही. "मामा, खेळ बनवणारे सगळे दिवे विझवूनच सुरुवात करतात आणि मनाला येतील ती बटणं दाबून मांडणी तयार करतात. तीच बटणं पुन्हा दाब, कुठल्याही क्रमानं. सुटलं! पंधराच्या वर बटणं कधीच लागत नाहीत."

"आणि सगळेच पेटलेले असले तर?"

"तेही सुटतंच. क्लाउस सुटनर यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलंय. दिवे कसेही जोडलेले असोत."

जर्मनीतल्या लोकांना दुसरे उद्योग नसतात का, असं मी विचारणार होतो, पण ते अमेरिकेत शिकवतात म्हणे.

शेवटी तिलाच दया आली. एका कोपऱ्यातला दिवा तेवढा पेटलेला असेल, तर तो काही केल्या विझवता येत नाही. पहिला, तिसरा आणि पाचवा उभा रकाना घ्यायचा, त्यातून मधली आडवी ओळ वगळायची. उरतात बारा दिवे. कुठलंही बटण दाबा, या बारांपैकी एकतर दोन उलटतात, नाहीतर एकही नाही. म्हणजे त्यांतले पेटलेले विषम असले तर जन्मभर विषमच राहणार आणि शून्य तर सम. कोपरा त्या बारांतलाच. दोन कोपरे पेटले तर मात्र दोन्ही विझवता येतात. एकटा असला की हट्टी.

आमचे दाजी, म्हणजे तिचे वडील, वीज खात्यातून निवृत्त झालेत. दिवे घालवणं हा आपला प्रांत, असं ते स्वतःच म्हणतात. रविवारी त्यांच्या टेबलावर मी रुपयाची पंचवीस नाणी मांडून दिली: कोपऱ्यात छापा, बाकी सगळे काटे. भाचीला गप्प बसण्याबद्दल आइस्क्रीम कबूल केलंय.

काल ताईचा फोन आला. दाजी जेवायला उठत नाहीत, नाण्यांना हात लावू देत नाहीत, भाजीवाल्याला सुटे द्यायचे कुठून?

"होत आलं असेल," मी म्हटलं. "एकच तर राहिलाय."