मोहाडीपर्यंतचा पोशाख

भंडाऱ्याहून मोहाडी वीसेक किलोमीटर. रस्ता सपाट, दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, घाट म्हणून नाही. मोहाडीच्या कचेऱ्यांतली आणि शाळांतली कितीतरी मंडळी हा प्रवास रोज करतात आणि त्यावर कोणी चार ओळी खरडत नाही. त्यांच्याकडे तसा पोशाख नसतो, एवढंच.

माझ्याकडे आहे. सायकल घेतली तेव्हा दुकानदाराने हेल्मेट गळ्यात मारलं, हेल्मेटखाली घालायची टोपी डोक्यात भरवली, आणि मग मी काही थांबलो नाही. आता कपाटातले कपडे सायकलीपेक्षा महाग झाले आहेत. सौ. म्हणते, सायकल एकवेळ रात्रभर अंगणात राहू द्या, दोरीवरचे कपडे तेवढे आत घ्या.

प्रेरणा मात्र मोठी आहे. आमच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने पुरी केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, तेही बारा दिवसांच्या मुदतीत. पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक, नऊ हजारांच्या वर. अशा शर्यतीत दुपारी वाळवंट भाजतं आणि रात्री डोंगरावर दात वाजतात, म्हणून मागच्या गाडीत कपड्यांचे ढीग लागतात. आपल्याला तेवढं अंतर जमणार नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कपडे तेवढे जमतील, असंही वाटलं होतं.

कपड्यांबरोबर एक तक्ता आला होता. किती अंशांना काय घालावं, याचा. शून्य ते पाच अंशांना तीन थर, पाच ते दहाला अमुक, पंधराला बाह्यांवर वेगळ्या बाह्या. वाचता वाचता मी तिसाशी आलो. तिथे 'अतिउष्ण' असं लिहिलं होतं आणि तक्ता संपला होता. तीस अंश म्हणजे आमच्याकडे फेब्रुवारीतली आल्हाददायक दुपार! उन्हाळ्यात भंडारा पंचेचाळीसला टेकतं. नवतपात सायकलवर काय घालावं याला त्या तक्त्यात रकानाच नव्हता. वैदर्भीय रकाना मला माहीत आहे: बनियन, आणि समोर कूलर.

म्हणून फेब्रुवारीची अखेर निवडली. पहाटे थंडी, दुपारी ऊन, आणि अवकाळीचा भरवसा नाही. एका दिवसात तीन ऋतू भेटले तर पोशाखाची परीक्षा होईल, अशी योजना. मोहाडीत चौंडेश्वरीचं दर्शन, जवळच आंधळगावला कोशाच्या रेशमाचे माग, मग तुमसरच्या पुढचा अंबागड किल्ला. यातलं काय झालं ते पुढे येईलच. अंबागड झाला नाही, हे आताच सांगून टाकतो.

सोबत वकीलसाहेब होते. मुक्काम भंडाऱ्यात त्यांच्या बहिणीकडे. पहाटे मी तयार होऊन ओसरीवर आलो तेव्हा त्यांची आठ वर्षांची भाची एकदा माझ्याकडे बघून आत पळाली आणि आणखी दोन जणांना घेऊन आली. खाली काळी तंग चड्डी. तिला खांद्यावरून जाणारे पट्टे असतात, म्हणजे कमरेला नाडी-इलॅस्टिक काचत नाही. बुडाशी फोमची गादी. पूर्वी ही गादी आल्प्समधल्या शॅमॉय नावाच्या रानबकऱ्याच्या चामड्याची असायची, ती कडक होऊ नये म्हणून मलम चोळावं लागे. या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, नाहीतर शिवणी घासतात. ही माहिती मी वकीलसाहेबांच्या बहिणीसमोर द्यायला नको होती, असं वकीलसाहेबांचं मत पडलं. चड्डीवर जर्सी, गळ्यात नळकांडी रुमाल, आणि सगळ्यावर वारा अडवणारं जाकीट, हनुवटीपर्यंत चेन असलेलं. माप मुद्दाम एक नंबर लहान. वाऱ्यात फडफडू नये म्हणून.

वकीलसाहेबांनी काय घातलं होतं? सुती फुलशर्ट, कोर्टातली जुनी पँट, पायांना लोखंडी क्लिपा. थंडी वाजते म्हणून त्यांनी सकाळचा पेपर घडी करून शर्टाच्या आत छातीवर सरकवला. मी हसलो. पण खरं सांगायचं तर फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीतले भलेभले घाट चढून गेल्यावर, उतरणीला लागायच्या आधी, जर्सीत पेपर कोंबत आले आहेत. फरक एवढाच की ते तो आधी वाचत नसत. वकीलसाहेब दर चार किलोमीटरला थांबून पान बदलत होते.

निघताना जरा थंडी वाजलीच पाहिजे, असा सायकलवाल्यांचा नियम आहे. दारातच उबदार वाटलं तर अर्ध्या तासात उकडणार. मला दारातच फार उबदार वाटत होतं. वैनगंगा उजव्या हाताला कुठेतरी असते, ती दिसली नाही. पळस फुललेला दिसला. वरठी आलं. भंडाऱ्याचं रेल्वेस्टेशन इथे आहे. त्याला 'भंडारा रोड' म्हणायचं आणि भंडाऱ्याहून रिक्षाने यायचं, अशी रीत आहे. वरठीत तर्री-पोहा खाल्ला. तर्री दोनदा मागितली. ही नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी.

ऊन चढलं. जाकीट काढायला चेन खाली ओढली, तर ती गळ्यातल्या रुमालाचं कापड खाऊन बसली. वर जाईना, खाली येईना. डोक्यावरून काढावं तर एक नंबर लहान. वकीलसाहेबांनी एक बाही ओढली, मी दुसऱ्या बाजूला पाय रोवला, टपरीवाल्याने विचारलं, "भांडन आहे का जी?"

"राहू द्या," मी म्हणालो. "जाकीट श्वास घेतं. तसं लेबलवर लिहिलंय."

मोहाडी आणि वरठी यांच्यामधला तो रस्ता मला तपशीलवार आठवतो. वारा आत येत नव्हता आणि वाफ बाहेर जात नव्हती. कुकरला निदान शिट्टी असते. घामाने अंग गार व्हायचं तर तो वाळावा लागतो, आणि वाळायला त्याला हवा लागते. माझा घाम बाह्यांतून हातमोज्यांत उतरत होता. समोरून शाळेच्या पोरी आल्या, सरकारी योजनेतल्या सायकलींवर, तिघी रांगेत. स्वेटर काढून बाह्यांची गाठ कमरेला, ओढणीची घडी दोन्ही खांद्यांना पिना लावून पक्की, स्कार्फ असा बांधलेला की फक्त डोळे उघडे. चाकात काही जाणार नाही, ऊन-धूळ लागणार नाही, आणि कुठलाही थर क्षणात सुटेल. तिसरीने वळून माझ्याकडे पाहिलं आणि घंटी वाजवली. उगाच.

बांधीत उन्हाळी धानाची रोवणी चालली होती. बायांनी लुगड्यावर नवऱ्यांचे फुलबाह्यांचे शर्ट चढवलेले, डोक्याला दुपट्टा, घोट्यावर चिखल. पऱ्हे खोचता खोचता एक बाई उभी राहिली. "भाऊ, ताप आला का जी? घरी जा."

आणि इथे तर्रीने तोंड उघडलं.

वाचकांनी परिस्थिती नीट समजून घ्यावी. चड्डी उतरवायची तर खांद्यावरचे पट्टे काढावे लागतात. पट्ट्यांवर जर्सी. जर्सीवर जाकीट. जाकिटाची चेन बंद. ज्या कोणी हा पोशाख बेतला त्याने थंडी, वारा, काट्याकुट्यांचा विचार केला होता. तर्री त्याने खाल्लेली नव्हती. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "जामीन मिळणं कठीण दिसतं."

मोहाडीच्या वेशीवर पंक्चरवाला दिसला. मी ओरडलो, "चेन अडकली!" तो बिचारा लगेच सायकल उलटी करून तेल घालायला बसला. त्याला उठवून हनुवटीकडे बोट दाखवेपर्यंत जे क्षण गेले ते मी मोजले नाहीत, माझ्या पोटाने मोजले. त्याने पक्कड उचलली, माझ्या गळ्याकडे बघितलं, ती खाली ठेवली. "हे माझं काम नाई जी. शिंप्याकडे जा."

शिंपी बसस्टँडकडच्या गल्लीत. दुकान म्हणजे एक मशीन, एक बाक, आणि बाकावर एक म्हातारबाबा. शिंप्याने चष्मा चढवला. आधी मेणबत्ती घासली. मग साबण. मग पेन्सिलीचं शिसं. "घाई करू नका जी, कापड फाटीन."

"फाटू द्या!" मी अशा आवाजात म्हणालो की बाहेरून दोन माणसं आत आली. शेवटी त्याने चेनीचा घोडाच उपटून काढला, जाकीट दुभंगलं, आणि मी विचारायचं ते विचारून धावलो.

मोहाडीतलं मी सगळ्यात बारकाईने पाहिलेलं स्थळ म्हणजे एका सज्जन कुटुंबाचा परसदारचा संडास. नळाला पाणी होतं. देव त्यांचं भलं करो.

परत आलो तेव्हा वकीलसाहेब चहा पीत होते आणि म्हातारबाबा माझी जर्सी दोन बोटांत धरून बघायला उत्सुक. आंधळगावचे विणकर. सगळं आयुष्य कोशावर गेलं. त्यांनी जर्सीचा काठ उलटा केला, नखाने ताणला, कानाशी नेऊन चोळला.

"हे पानी पिते का?"

"पीत नाही बाबा. घाम पसरवतं, मग वाऱ्याने वाळतो."

"आन वारा नसला त?"

याला उत्तर नव्हतं. श्रावणात, हवा ओली असताना, जगातली कुठलीही जर्सी घाम धड वाळवू शकत नाही. हे तक्त्यात नव्हतं, त्यांना ठाऊक होतं. मग ते कोशाबद्दल बोलू लागले. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर किडे वाढवायचे, पाखरं खाऊ नयेत म्हणून ढिवरांनी रानात राखण करायची, कोसे उकळून धागा काढायचा. मग साडीला करवतीच्या दात्यांसारखा काठ, तीन धोट्यांनी विणायचा: दोन काठांचे दोन, मधल्या अंगाचा तिसरा. बोलताना त्यांचा उजवा हात हवेत मागच्या मागे झटका देत होता, दोरी ओढल्यासारखा.

"आता विणता का?"

"डोरे गेले. माग इकला." थोडं थांबून म्हणाले, "खड्डा आहे ना घरात. मागाखालचा, पाय सोडाचा. पोरगा म्हनते बुजवून टाकू. मी म्हनलं, राहू दे. बसतो कधी कधी त्यात पाय सोडून."

शिंप्याचं मशीन थांबलं होतं. वकीलसाहेबांनी चहाचा कप बाकावर ठेवला आणि बाबांना आणखी एक चहा सांगितला.

देवीला गेलो. चौंडेश्वरी म्हणजे देवांग कोष्ट्यांची कुलदेवता. कथा अशी की देवल ऋषी विष्णूच्या नाभिकमळातून धागे घेऊन निघाले, सगळ्यांना वस्त्रं विणायची म्हणून. वाटेत राक्षस आडवे आले, तेव्हा देवीने त्यांना मारलं आणि त्यांच्या रक्ताने धागे रंगले. कपड्यांपायी झालेल्या इतक्या जुन्या लढाईच्या देवीसमोर मी पॉलिस्टरमध्ये उभा होतो. दारातल्या नारळवाल्या आजीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बापू, पँट घरीच रायली का?" आणि स्वतःचा दुपट्टा काढून दिला. तो कमरेला गुंडाळून दर्शन घेतलं. तो गारही होता, आणि आत वाराही येत होता.

बाहेर आलो आणि आभाळ काळं झालं. पहिल्यांदा वारा, मग थेंब, मग गारा. हरभऱ्याएवढ्या, मग बोरांएवढ्या. हेल्मेटवर ताशा वाजू लागला. याच हवेसाठी तर मी ते जाकीट घेतलं होतं! पाणी अडवतं, वारा अडवतं, गळ्यापर्यंत बंद होतं. घोडा मात्र शिंप्याच्या डब्यात होता. जाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून मी पळत होतो, आणि पाठ कोरडी, पोट चिंब, गादी पाण्याने टम्म. आजी पन्नीची खोळ घेऊन नारळांच्या ढिगाशेजारी कोरडी बसली होती.

शिंप्याकडे पोचलो. वकीलसाहेबांनी ओला शर्ट काढला. पेपरचा लगदा झाला होता आणि बनियनवर कापसाच्या भावाची बातमी उलट्या अक्षरांत उमटली होती. शिंप्याने आरशासमोर उभं करून ती वाचून काढली. मग माझ्याकडे वळून चड्डीची गादी बोटाने दाबली, पाणी निथळलं. "हे फोम बेकार आहे. कापूस भरून देऊ का जी?"

"जाकिटाचं बघा आधी."

"टिचबटन लावून देतो. नाईतर नवी चेन टाकतो, भंडाऱ्याहून आनाव लागीन." त्याने जाकीट घडी करून शेल्फावर, कोणाच्या तरी लग्नाच्या ब्लाउजांखाली ठेवलं. "मंगळवारी न्या."

गारा थांबल्या तरी रस्त्यावर चिखल होता. भंडाऱ्याकडे भाजी घेऊन जाणाऱ्या छोट्या हत्तीत सायकली चढवल्या. मी कोबीच्या पोत्यावर, दुपट्टा कमरेला. तो आजीला परत द्यायला गेलो होतो तर तिने हातच आखडता घेतला. वकीलसाहेब क्लिपा काढून खिशात घालत होते.

"पुढची तारीख मंगळवार?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कोर्टात निदान कोणता मंगळवार ते तरी सांगतात."