यसवंतराव

त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते आता दारावरच्या पाटीपुरतं उरलंय. कॉम्प्युटरने काहीही विचारलं की हे ‘यस’ म्हणतात, म्हणून आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ते यसवंतराव. नाव मीच ठेवलं. तोंडावर अर्थात ‘काका’.

माणूस भोळा असेल असं वाटेल तुम्हाला. छे! भेंडी घेताना प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघणार. भाजीवाली लांबून ओळखते आणि टोपली मागे ओढते. नारळ कानाशी हलवणार. सिलिंडर आला की पोऱ्याला काटा लावून वजन दाखवायला लावणार. पाचशेची नोट उजेडात धरून आधी गांधीजी आणि मग तार बघणार, मग ती पोटच्या मुलाने का दिलेली असेना.

हाच माणूस कॉम्प्युटरसमोर बसला की उदार होतो. चौकट उघडायचा अवकाश, यस. पुढची, यस. ‘अलाऊ’ म्हटलं, अलाऊ. पीडीएफ जोडायचं एक फुकट सॉफ्टवेअर घ्यायला गेले आणि सोबत हवामान, राशिभविष्य आणि एकमेकांवर खेकसणारे दोन अँटिव्हायरस घेऊन आले. ‘‘भाजीबरोबर कोथिंबीर देतात तसं असेल,’’ म्हणाले.

या सवयीचं मूळ बँकेत आहे. चौतीस वर्षांतली बरीचशी त्यांनी कर्ज विभागात काढली. तिथे ते कागदावर पेन्सिलने फुल्या मारून द्यायचे आणि समोरचा माणूस फुली दिसेल तिथे सही करत सुटायचा. कुणी वाचायला लागलंच तर काका घड्याळाकडे बघायचे. आता फुल्या कॉम्प्युटर मारून देतो आणि सह्या काका करतात, एवढाच फरक.

एकदा मला तातडीने बोलावलं. ‘‘अरे, काही बसवायला घेतलं की व्होल्टेज पडतं बघ. स्क्रीन काळवंडते.’’ त्यासाठी स्टॅबिलायझरही आणून झाला होता. मी सांगितलं, काका, तो अंधार मुद्दाम केलेला असतो. २००७ साली व्हिस्टाबरोबर ही सोय आली. एखादा प्रोग्राम कॉम्प्युटरच्या मुळाशी हात घालायला निघाला की विंडोज बाकी सगळं मागे सारतं आणि परवानगी विचारतं. त्या वेळी दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला तुमच्या वतीने ‘यस’ दाबता येऊ नये, म्हणून तो पडदा. बटण दाबू शकतो तो फक्त खुर्चीत बसलेला माणूस.

काकू आतून म्हणाल्या, ‘‘मग काय उपयोग?’’

काकांची बाजूही सांगायला हवी. या इशाऱ्यांचा आवाज सगळ्यांसाठी एकच. चोर आला तरी भुंकायचं आणि पोस्टमन आला तरी भुंकायचं. ती निळी पाटी येते ना, ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’, ती बऱ्याचदा फाईल वाईट आहे म्हणून येत नाही. त्या फाईलला फारसं कुणी ओळखत नाही म्हणून येते. करणाऱ्याची डिजिटल सही आहे का, आजवर किती जणांनी ती उतरवून घेतली, यावर तिची पत ठरते. एकट्याने घरी बसून काही चांगलं करणाऱ्याची पत शून्य. उलट २०१७ साली सीक्लीनर नावाच्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भामट्यांनी आपला माल घुसवला. सही अगदी अस्सल होती, आणि वीस लाखांहून जास्त लोकांनी ते निर्धास्तपणे बसवलं. म्हणजे सही बघावी, पण फाईल आली कुठून तेही बघावं. भेंडीचं टोक मोडणाऱ्याला हे समजावण्यात माझी दोन वर्षं गेली.

मग गेल्या महिन्यात काकांच्या पुण्याच्या भाच्याने सोसायटीच्या मेंटेनन्सची बिलं काढायला एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. लिंक मेलवर पाठवली आणि फोन करून म्हणाला, ‘‘मामा, व्हॉट्सॲपवर एक चौसष्ट अक्षरी आकडा टाकलाय. फाईल उतरवलीत की तिचा आकडा काढा आणि जुळवून बघा. वाटेत कुणी एक टिंब जरी बदललं तरी आकडा बदलतो.’’

काकांचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे कार्ड एका पाकिटातून आणि पिन दुसऱ्या पाकिटातून! मग आधी नाही का सांगायचं?’’ आधी मीच सांगत होतो, पण असो.

मी कमांडच्या काळ्या खिडकीत सर्टयुटिलची ओळ टाकून आकडा काढून दिला. काकांनी चष्मा बदलला. काकूंच्या हातात मोबाईल आणि पेन्सिल दिली, आणि मार्चअखेरचं खातं जुळवावं तशा आवाजात सुरू झाले, ‘‘नऊ, एफ, चार, चार, बी...’’

‘‘डी की बी?’’

‘‘बी! बटाट्याचा बी!’’

बावन्नाव्या अक्षराला कुकरची शिट्टी झाली आणि काकूंची जागा चुकली. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चौसष्टच्या चौसष्ट जुळली. काकांनी वहीत तारीख घालून ‘टॅली’ लिहिलं, खाली आद्याक्षरं केली आणि मोठ्या समाधानाने फाईलवर डबल क्लिक केलं.

निळी पाटी आली.

‘‘आता काय? टॅली झालंय की!’’

मी ‘मोअर इन्फो’ दाबून दाखवलं. खाली ओळ उघडली, ‘पब्लिशर: अननोन पब्लिशर’. आणि ‘रन एनीवे’चं बटण. मी म्हटलं, काका, एवढंच आहे, सहीच्या सर्टिफिकेटला दरवर्षी पैसे पडतात, त्याने घेतलेलं नाही. आकडा जुळलाय, माणूस घरचा आहे. इथे खुशाल दाबा.

आयुष्यात पहिल्यांदा काकांचा हात माउसवर थबकला.

‘‘अननोन?’’ ते म्हणाले. ‘‘याचं जावळ माझ्या मांडीवर काढलंय. अननोन!’’

‘‘काका, ते तसं नसतं.’’

‘‘थांब रे.’’ त्यांनी पाटीचा फोटो काढला, चष्मा पुन्हा बदलला आणि पुण्याला फोन लावला. पलीकडून ‘हॅलो मामा’ ऐकू येताच उठून गॅलरीत गेले. तरी ऐकू आलंच.

‘‘काही नाही रे, सहज. ऑफिसात सगळं ठीक आहे ना तुझं? नाही, तुझ्याविषयी इथे जरा वेगळंच लिहून आलंय.’’