आप्पेपात्रातलं इंजिन

आबांची बुलेट तीन वर्षं आमच्या ओट्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. हँडलला कांद्याची पिशवी, आरशाला आईचा जुना चष्मा आणि सीटवर दुपारची मांजर, असा तिचा संसार होता. एप्रिलमध्ये मी घरात जाहीर केलं, की तिचं इंजिन मी घरीच खोलणार आणि घरीच बांधणार. त्यातल्या ‘खोलणार’बद्दल कुणालाच शंका नव्हती.

शंका घेण्यासारखं इंजिन नाहीच ते. 1955 साली मद्रासेत ही गाडी जुळायला लागली, आणि त्या इंजिनाची मांडणी पुढची पन्नासेक वर्षं फारशी बदलली नाही. एकच सिलिंडर, 346 सीसी, दोन व्हॉल्व्ह. एक आत घेणारा, एक बाहेर टाकणारा. आमच्या धरणगावात 1890 साली बालकवी जन्मले. त्या गावच्या माणसाला एवढं साधं यंत्र जमू नये?

हेडचं झाकण काढल्यावर पहिली भेट होते ती रॉकरची. रॉकर म्हणजे हापसाच. हापशाचा दांडा इकडून खाली दाबला की तिकडून सळई वर उचलली जाते. इथं खालून पुशरॉड ढकलतो आणि पलीकडचं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर आपटतं. इंजिन दोनदा फिरलं की रॉकर एकदा मान डोलावतो. म्हणजे गाडी नुसती उभी राहून मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर रॉकर पाचशे वेळा ‘हो’ म्हणतो. आमच्या घरात इतक्या वेळा ‘हो’ म्हणणारा मी एकटाच आहे, असा माझा समज होता.

हा रॉकर दोन अर्ध्या ठोकळ्यांच्या मिठीत फिरतो. एक अर्धुक खाली, एक वर. दोन्ही एकत्र आवळूनच त्यांचं भोक पाडलेलं असतं, म्हणून एका जोडीतलं अर्धुक दुसऱ्या जोडीला लावायचं नाही. शिवाय इतक्या वर्षांत ती आपापल्या रॉकरसोबत घासून मुरलेली. आमचे मिस्तरी पारोळ्याकडचे. त्यांनी ओट्यावर बसून चहा पिता पिता एवढंच बजावलं, “भाऊ, हेडमधलं काहीच मिसळू देऊ नको. ज्याचं त्याले.”

मिसळू द्यायचं नाही म्हणजे खाचा हव्यात. खाचा म्हटल्यावर मला माळ्यावरचं आप्पेपात्र आठवलं. ताईनं पुण्याहून दोन दिवाळ्यांपूर्वी आणलं होतं, बारा खाचांचं, बिडाचं. आईनं ते हातात तोलून पाहिलं होतं, “खड्डे खड्डे कशाला?” असं विचारलं होतं आणि वर ठेवून दिलं होतं. खापरावर मांडे करणाऱ्या बाईला खड्ड्यांचं काय कौतुक? मला मात्र ते इंजिनासाठीच घडवल्यासारखं वाटलं. बुलेटचा सिलिंडर बिडाचा, हेही बिडाचं. धातूनं आम्ही भाऊबंद. मी एकेका खाचेत एकेक वस्तू ठेवली, कॅलेंडरची पानं फाडून चिठ्ठ्या घातल्या: ‘इनलेट वरचं’, ‘इनलेट खालचं’, ‘एक्झॉस्ट वरचं’. नंतर गॅस्केट आणायला तीसेक किलोमीटरवर जळगावला गेलो.

एक गोष्ट विसरलो होतो. आखाजी चार दिवसांवर आली होती.

खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, आमरस होतो, पितरांची घागर भरली जाते. आणि लेक यायच्या आधी घरातलं प्रत्येक भांडं अंगणात येतं. ताईनं दिलेलं भांडं ताईला माळ्यावर दिसता कामा नये, हे ओघानं आलंच. मी संध्याकाळी परतलो, तेव्हा आप्पेपात्र भिंतीला टेकून लखलखत होतं.

“आई, यातलं काय केलंस?”

“बठ्ठं घासून ठेवलं परातीत. किती ते कळकट! आणि कागदाचा कचरा बंबात घातला. चाळीस वर्षं सांगते, जिथली वस्तू तिथं ठेवावी माणसानं.”

परातीत अर्धुकं, रॉकर, वायसर, नट, सगळं एका ढिगात चमकत होतं. एक्झॉस्टकडच्या वस्तू धगीनं तपकिरी पडतात, त्या रंगावरून तरी ओळखता आल्या असत्या. आईनं राख आणि चिंच लावून तो रंगच उडवला होता. 1825 साली आउटरम नावाच्या इंग्रजानं याच धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. त्यानं शेकडो माणसं रांगेत लावली. मला चार अर्धुकं लावता येईनात.

रात्री मिस्तरी आले. टॉर्च तिरपी धरली आणि म्हणाले, “नख फिरव.” दोन अर्धुकं टोकाला टोक लावून आतल्या अंगावरून नख फिरवलं. जोडी चुकीची असली, तर एकातला केसभर ओरखडा सांध्यापाशी मरतो. खरी असली, तर तोच ओरखडा सांधा ओलांडून दुसऱ्यात चालू लागतो, बांधावरून पलीकडच्या शेतात गेलेल्या पायवाटेसारखा. अकरा वाजता पहिली जोडी लागली. बाराला दुसरी.

हिशेब जुळला, फक्त एक आटे पाडलेला पितळी तुकडा जास्त उरला. दोन्हीकडे आटे, मध्ये भोक. मी पुस्तकातली सगळी चित्रं पाहिली. मिस्तरींनीही तो दिव्यापुढे धरून बराच वेळ विचार केला, आणि असा तुकडा इंजिनात असू शकत नाही हे सांगण्याऐवजी ‘ऑइल पंपाचा असेल’ म्हणाले. मी तो तंबाखूच्या डबीत ठेवून डबीवर लिहिलं: बुलेट, महत्त्वाचं.

मग टॅपेट. पुस्तक म्हणतं, माप थंड इंजिनावर घ्यावं. पुस्तक लिहिणारा मे महिन्यात धरणगावला आलेला नसावा. दुपारी चार वाजता आमच्या शेडमध्ये न चालवलेल्या इंजिनावरही पापड भाजला गेला असता. म्हणून पहाटे पाचला उठलो. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पुशरॉड अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून फिरवायचा. जपमाळेचा मणी फिरतो तसा फिरला पाहिजे, पण वरखाली खुळखुळता कामा नये. फट म्हणाल तर शून्य, आणि तरी फिरणारा. आई देवपूजेला उठली, तेव्हा मी डोळे मिटून, ओठ हलवत (आटे मोजत होतो) पुशरॉड फिरवत बसलो होतो. तिनं लांबूनच हात जोडले.

सातव्या किकेला गाडी सुरू झाली. गल्ली गोळा झाली. दोन मिनिटं तो जुना, ओळखीचा ठोका, आणि नंतर वरून बारीक कुई कुई. कोरड्या रहाटाची असते तशी. मी म्हटलं, नवं गॅस्केट बसतंय. मिस्तरी काहीच न बोलता उठले, गाडी बंद केली, इनलेटचं झाकण काढलं आणि बोट आत घालून मला दाखवलं. बोट कोरडं.

तेल बाहेरच्या बारीक नळीनं हेडपर्यंत चढतं आणि खालच्या अर्धुकाच्या भोकातून रॉकरला मिळतं. मी जोडी बरोबर लावली होती, वरचं वर, खालचं खाली; फक्त ठोकळा घुमवून बसवला होता. त्याचं भोक एका बाजूला, हेडचं भोक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये तेल दारावर थाप मारत उभं. “हाई उलटं से,” मिस्तरी म्हणाले. रात्रभराच्या संशोधनाचं परीक्षण तीन शब्दांत संपलं. नशीब, रॉकरवर नुसती एक निळसर रेघ उठली होती.

पुन्हा खोललं, पुन्हा बांधलं. या वेळी झाकण लावण्याआधी किक मारत राहिलो. रॉकरच्या कडेनं काळसर तेलाचा ओघळ हळूच वर आला, तेव्हा मी आणि मिस्तरी दोघंही उगाच हसलो.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी ताई आली. मी तिला शेडमध्ये नेऊन गाडीखाली अंथरलेलं वर्तमानपत्र दाखवलं. दिवसभर उभ्या बुलेटखाली तेलाचा एक थेंब नाही! ज्याच्या घरी जुनी बुलेट आहे, त्याला यातला चमत्कार कळेल. ताईनं ‘छान’ म्हटलं आणि आत गेली. पाच मिनिटांनी देवघरातून तिची हाक आली.

“आई, समई अशी वाकडी का गं? आणि खाली केवढं हे तेल!”

“घासल्यापासून नीट बसतच नाही बाई ती. मधला पेच कुठं गेला कोण जाणे. कागद घातलाय खाली.”

मी डबी आणायला शेडकडे निघालो.