कानाखाली आणि कानात

कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचं मोठं देऊळ आहे. तिथे अभंग म्हणणाऱ्या बहुतेकांची मातृभाषा तमिळ. क, ख, ग, घ या चौघांना तमिळ लिपीत अक्षर एकच. म्हणून भजनाच्या पुस्तकांत अक्षराशेजारी बारीक 2, 3, 4 असे आकडे छापतात. तुकोबांच्या ‘ख’चा ‘क’ होऊ नये यासाठी हा खटाटोप. त्याची सक्ती कुणीही केलेली नाही.

याच तमिळ मुलखात 1938 साली राजाजींच्या सरकारनं शाळांत हिंदी सक्तीची केली. आंदोलन पेटलं, माणसं तुरुंगात गेली आणि 1940 मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. राजाजी स्वतः तमिळ होते. पण हुकूम काढताना ते लोकांना आपल्यातले वाटले नाहीत, सरकार वाटले.

याच कुंभकोणमच्या परिसरात, तंजावरला, 1676 पासून 1855 पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. ते जाऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली, अभंग मात्र राहिला. त्याला भजनमंडळींनी राखलं. संस्कृत, तेलुगू, तमिळ पदांच्या पंगतीत त्यांनी त्याला पाट मांडला. आपले भागवतर, म्हणजे भजनाचे मुख्य गायक, म्हणतात, शेजारचे मामा म्हणतात, मग पोरही झांज धरतं आणि म्हणतं.

सक्ती हरते आणि अभंग राहतो, असं का? हर्बर्ट केलमन या मानसशास्त्रज्ञानं 1958 मध्येच मान तुकवणं आणि मनात उतरणं यांतला फरक मांडला. भीतीनं केलेलं पहारा असेपर्यंतच टिकतं. पुढे जॉन टर्नर यांनी दाखवलं की माणूस ज्यांना ‘आपण’ म्हणतो, त्यांचं म्हणणं तो स्वतःचं म्हणून स्वीकारतो.

कुंभकोणम या नियमाची दुसरी बाजूही दाखवतं. ही भजनमंडळं मुख्यतः अग्रहारातली, म्हणजे ब्राह्मण वस्तीतली, म्हणून अभंगही बराचसा तिथेच थांबला. ज्यांना त्या ओसरीवर कधी बसवलंच नाही, त्यांनी तो आपला का मानावा?

हाच प्रश्न आता आपल्याला लागू आहे. 2025 मध्ये मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली. महाराष्ट्रात मराठी चाललीच पाहिजे, यात मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच ही मारहाण मला मराठीच्या मुळावर येणारी वाटते. मार खाल्लेला माणूस गल्ल्यावर दोन वाक्यं मराठीत बोलेल आणि शटर ओढलं की ती तिथेच टाकून घरी जाईल. त्याच्या मुलांपर्यंत त्यातलं अक्षरही पोचणार नाही.

त्याला सोसायटीच्या गणपतीत वर्गणीपुरतं गाठू नका. आरतीला पुढे उभं करा, हातात टाळ द्या, शब्द चुकला तर हळूच सांगा. पुढच्या वर्षी त्याची मुलगी ती आरती पाठ म्हणेल, आणि तिच्या तोंडची मराठी कुणाच्या धाकाची नसेल.