दाजी बाळंत झाला

स्टुटगार्ट, रविवार

ती. आई आणि बाबांस,


आधी मुख्य बातमी सांगते. घरात साधारण साठ पोरं झाली. दचकू नका, आमची नव्हेत, दाजीची आहेत. फोनवर सांगायला गेले की बाबा ‘हॅलो, हॅलो’ करत बसतात आणि आई, तू नेमकी कुकर बंद करायला उठतेस, म्हणून म्हटलं सविस्तर लिहूनच कळवावं.

गेल्या वर्षी पोरीला वाढदिवसाला कुत्रा हवा होता. इमारतीत कुत्र्याला मनाई, म्हणून घासाघीस होऊन 112 लिटरची फिशटँक आली. तिची काच चाटून स्वच्छ ठेवायला दोन अँटेनेनवेल्स आणले. वेल्स म्हणजे आपल्या शिंगाळ्याच्या जातकुळीतला मासा. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतले. अंग चपटं, वर खवल्यांऐवजी हाडांचं चिलखत, तोंड खालच्या बाजूला. त्या तोंडाने काचेला चिकटायचं आणि दिवसभर शेवाळ खरवडायचं. आणले तेव्हा दोघं बोटाच्या दोन पेरांएवढे होते. दुकानदार म्हणाला, एक नर, एक मादी, बहुतेक. तो ‘बहुतेक’ आम्ही ऐकलाच नाही.

त्यातला नर कोणता हे तुमच्या जावईबापूंनी दोन मिनिटांत ठरवलं. ‘मिशी बघ ना,’ म्हणाले. ज्याची मिशी जास्त लांब वाटली तो दाजी, दुसरी माई. मी म्हटलं, अहो, या कुळात बायकांनाही मिशा असतात. पण इंजिनिअर माणसाने एकदा मोजमाप केलं की विषय संपला.

सहा-सात महिन्यांनी माईच्या नाकावर काहीतरी उगवलं. आधी दोन दिवस दाढी न केल्यासारखे खुंट दिसायचे. मग ते वाढले, त्यांना फाटे फुटले, आणि नाकापासून कपाळापर्यंत निवडुंगाचं बेट तयार झालं. मला वाटलं बुरशी लागली. दाजीचं नाक मात्र गुळगुळीत, आणि पोट दिवसेंदिवस गोल. जावईबापू म्हणाले, ‘सुखवस्तू झालाय.’ हे म्हणताना स्वतःच्या पोटावरून हात फिरवत होते.

शेवटी तळमजल्यावरच्या आजीबाईंना वर बोलावलं. त्यांनी आयुष्यभर मासे पाळलेत. टॉर्च आणि भिंग घेऊन आल्या, काचेपुढे मांडी घालून बसल्या आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, मिशा सोडा, त्या दोघांनाही असतात. झुडूप बघा. नराला नाकाडापासून कपाळापर्यंत फाटे फुटलेली झालर येते. मादीला एक तर काही नसतं, नाहीतर ओठाच्या कडेने बारीक खुंटांची एकच ओळ. आणि मासा सहा-सात सेंटिमीटरचा होईपर्यंत दोघं सारखेच, तेव्हा छातीठोकपणे सांगेल तो थापा मारतो. हे वाक्य मी जावईबापूंना जरा सावकाश भाषांतर करून सांगितलं.

म्हणजे दाजी बाई आणि माई बुवा! नावं बदलूया म्हटलं तर पोरीने भोकाड पसरलं. तोडगा असा निघाला की नाव बारशाचं, क्रियापद देहाचं. त्यामुळे आमच्याकडे ‘दाजी खायला आली’ आणि ‘माई रुसून बसला’ अशी मराठी चालते. आधीच पोरीचं लिंगाचं व्याकरण जर्मनने बिघडवलंय. जर्मनमध्ये वेल्स पुल्लिंगी, मग तो अंडी घालो की काहीही करो. आणि मुलगी नपुंसकलिंगी! माझ्या जर्मनच्या क्लासमध्ये सगळे त्यावर हसले, मी एकटी गप्प. मालवणात मुलीला ‘ता चेडू’ म्हणत जन्म काढलेल्या बाईने कुठल्या तोंडाने हसायचं?

आता करवंटीची गोष्ट. सोलकढीसाठी आणलेल्या नारळाची अर्धी करवंटी जावईबापूंनी घासून, उकळून, कडेला दार कापून टाकीत पालथी घातली. या माशांना अशी अंधारी गुहा लागतेच. माईने ती ताब्यात घेतली. एका रात्री दाजीही आत गेली, बराच वेळ दोघांची आत ढकलाढकल चालली होती, आणि सकाळी दाजी बाहेर, पोट सपाट, जणू काही झालंच नाही. आत टॉर्च मारला तर करवंटीच्या छताला केशरी अंड्यांचा घोस, अगदी मोतीचुराच्या लाडवाचा तुकडा. आणि दारात माई, पर पसरून, पंख्यासारखे हलवत. अंड्यांवरचं पाणी खेळतं ठेवायचं ते काम बापाचं. काट्याला टोचून काकडीची चकती सोडली तर दाजीने एकटीने फस्त केली, माईने नाकही बाहेर काढलं नाही.

तेव्हा मला तू आठवलीस, आई. मी आठवीत असेन. विळीवर मोठा शिंगाळा घेतला होतास, त्याचं तोंड उघडलं आणि आतून गोट्यांएवढी पिवळी अंडी घरंगळली. तू म्हणालीस, ‘मेल्यान कोणाची गाबोळी गिळल्यान काय?’ तर ऐक, गिळली नव्हती. समुद्रातल्या शिंगाळ्याचा नर पिल्लं बाहेर पडेपर्यंत अंडी तोंडात घेऊन फिरतो आणि तितके आठवडे उपाशी राहतो. आपण त्या दिवशी बाप खाल्ला.

पाचव्या दिवशी अंडी फुटली. पिल्लं म्हणजे एक शेपटी आणि तिला लटकवलेला पिवळा डबा. त्या डब्यातला बलक संपेपर्यंत ती करवंटीला चिकटून असतात आणि बाप दारात बसलेला असतो. आजीबाई सांगत होत्या, माईच्या डोक्यावरचं ते झुडूप लांबून अशा पिल्लांसारखं दिसतं, आणि काही अभ्यासकांचा तर्क असा की पोरं सांभाळणारा नर म्हणून माद्या त्यालाच पसंत करतात. म्हणजे दाखवण्याच्या कार्यक्रमाला नवरामुलगा कडेवर पोर घेऊन हजर! आपल्याकडे एवढ्यावरून स्थळ मोडलं असतं.

दुसरी एक जात आहे आमच्याकडे, पान्त्सरवेल्स, पाच जण. त्यांना झुडूपही नाही. त्यांना वरून बघायचं: मधे फुगीर, भरल्या होडीसारखी ती बाई, बारीक तो बुवा. मागे जावईबापूंनी घाईत पाणी बदलताना जरा गारच पाणी ओतलं. मी ओरडले, मासे गारठून मरतील. दुसऱ्या दिवशी काचेवर अंडी! त्यांना वाटलं पहिला पाऊस झाला. बाबा, तुमचे चढणीचे मासे आठवा, जूनच्या पहिल्या सरीला वहाळातून शेतात चढणारे. तोच हिशोब. या जातीत अंडी फळवण्याची जी तऱ्हा आहे ती इतकी अजब आहे की पत्रात लिहीत नाही, कारण बाबा पत्र ओटीवर मोठ्याने वाचतात. मादीचं तोंड आणि पचनसंस्था त्यात कामाला येते एवढंच आई, तुला सांगते. बाकी फोनवर, बाबा बाजारात गेले की.

आता प्रश्न साठ पोरांचा. इथे हौशी लोकांचा माशांचा रविवारचा बाजार भरतो, तिथे टेबल मिळेल म्हणतात आजीबाई. पण जो तो विचारणार, जोडी आहे का? जावईबापूंनी पाटी करायला घेतली होती, ‘नर डावीकडे, मादी उजवीकडे’. मी ती फाडली.

डिसेंबरात येतोय. आई, तोपर्यंत नारळ फोडताना जरा बेताने फोड आणि मधोमध सरळ फुटलेल्या करवंट्या चुलीत घालू नकोस, बाजूला ठेव. कोकमांच्या पिशवीत मावतील.

तुमची,
थोरली

ता. क. पत्र बंद करता करता पाहिलं, दाजी पुन्हा करवंटीपाशी घुटमळतेय, पोट गोल. माई अजून पहिल्या खेपेच्या पोरांतून मोकळा झालेला नाही.